सुरंगखोलची तोफ आणि तुळसावहिनींची म्हैस

तोफेचा सर्वांत मोठा दोष म्हणजे ती जिथे ठेवली तिथेच राहते. युद्धशास्त्राचा सगळा इतिहास या एका दोषाशी झगडण्यात गेला आहे. तोफ उडाली की आवाज होतो, धूर होतो, शत्रूला तिचा पत्ता कळतो, आणि मग शत्रू त्याच पत्त्यावर आपला गोळा पाठवतो. आमच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यांतल्या तोफा पाहा. तीनशे वर्षं एकाच जागी बसून राहिल्या आणि आता पर्यटकांची मुलं त्यांच्यावर घोडा-घोडा खेळतात. यावर उपाय म्हणून प्रगत राष्ट्रांनी स्वयंचलित स्वचालित तोफ काढली. (स्वयंचलित म्हणजे ती आपली आपण उडते आणि स्वचालित म्हणजे ती आपली आपण पळते. आधी भडकायचं आणि मग पसार व्हायचं, ही दोन्ही कामं तोवर आमच्याकडे फक्त रस्त्याचे कंत्राटदार करत असत.) ही तोफ थांबते, नेम धरते, गोळे सोडते आणि पहिला गोळा पडायच्या आत दुसरीकडे निघून जाते. शत्रू उत्तर देतो तेव्हा तिथे फक्त तिच्या चाकांचे ठसे असतात.

मी स्वतः सैन्यात नव्हतो. पण हायस्कुलात एकतीस वर्षं कवायत शिकवली आहे, आणि माझा धाकटा मेव्हणा देवळालीला तोफखान्याच्या कँटीनला दूध घालत असे. त्यामुळे या विषयावर मी अधिकाराने लिहू शकतो.

आमचं गाव सुरंगखोल, तालुका मालवण. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि उरलेल्या बाजूंना माकडं. ही माकडं शहाळी फोडतात, काजूचा मोहर ओरबाडतात, परसातला वाल मांडवासकट खाली आणतात, आणि घराची कौलं बाजूला करून आत काय शिजलंय ते बघतात. (न आवडल्यास कौलं तशीच टाकून जातात. आवडल्यास टोप घेऊन जातात.) यापूर्वीची गावाची संरक्षण व्यवस्था अशी होती: एक जण पत्र्याचा डबा वाजवायला, एक फटाका लावायला, एक त्याला आगपेटी द्यायला, दोघे बेचकी घेऊन, एक कुत्रा धरायला आणि दोघे "खंय गेलो? खंय गेलो?" असं ओरडायला. एकूण आठ. या आठ जणांनी गेल्या हंगामात बेचकीने तीन कौलं, मोटारसायकलचा एक आरसा आणि पथकातलाच एक सदस्य, इतक्यांचा अचूक वेध घेतला. माकडं शून्य.

तेव्हा 'सुरंगखोल वानर प्रतिबंधक तोफखाना समिती' स्थापन करण्यात आली. अध्यक्ष बाबली गावकार. (ते देवस्थानचे मानकरी आहेत. गावात कसलीही समिती निघाली की अध्यक्ष तेच असतात.) तांत्रिक प्रमुख सांतान फर्नांडिस, जे बावीस वर्षं बोटीवर इंजिनखान्यात होते आणि त्यामुळे त्यांना जमिनीवरच्याही सगळ्या यंत्रांतलं कळतं असा गावाचा समज आहे. सचिव मी. समितीत एक महिला असावी लागते, म्हणून तुळसावहिनींना घेतलं. त्यांना बोलण्याचं बंधन नव्हतं, पण त्या बोलत.

तोफ घाटावरच्या एका कंपनीकडून आली. ट्रकवर बसून वैभववाडीकडून खाली उतरली आणि तळेऱ्याला चहासाठी थांबली. (चहा ड्रायव्हरने घेतला. तेवढ्यात तोफेने स्टँडवरच्या दोन कुत्र्यांवर नेम धरून सराव केला.) आकाराने ती हातगाडीएवढी. सहा चाकं, पाठीवर सौरऊर्जेचा पत्रा, पुढे हातभर नळी आणि नळीच्या वर एक काचेचा डोळा. गावातली माणसं तिला 'गरनाळ' म्हणतात. जत्रेत धडाम करून उडवतात ती गरनाळ वेगळी आणि ही वेगळी, हे मी प्रत्येकाला समजावून सांगितलं आहे. तरी ते गरनाळच म्हणतात. अशा समाजाचं काय करायचं हे मला कवायत शिकवतानाही कळलं नव्हतं.

कंपनीने सोबत दिलेले रबरी गोळे दोन दिवसांत संपले. तेव्हा सांतानने आपली बुद्धी चालवली. आमच्या किनाऱ्यावर उंडीची झाडं पुष्कळ. त्यांची फळं गोल, कडक आणि थेट नळीच्या मापाची. सांतानने तोफेच्या पोटाखाली एक सूप बसवलं. आता गोळे संपले की तोफ स्वतःच किनाऱ्यावर जाते, झाडांखाली फिरते, उंडी गोळा करते आणि परत येते. दारूगोळ्याच्या बाबतीत पूर्णपणे स्वावलंबी असा जिल्ह्यातला हा एकमेव तोफखाना आहे, असं मी मानतो.

युद्धभूमीवरचे तिचे फायदे पहिल्याच आठवड्यात दिसून आले. एकाच माकडाकडे ती तीन उंड्या तीन वेगवेगळ्या कमानींतून सोडते आणि तिन्ही एकाच क्षणी पोचतात, त्यामुळे माकडाला कुठल्या बाजूला वळून दात दाखवावेत हे कळत नाही. एका हुप्प्याने तोफेच्या जागेवर नारळ फेकून प्रतिहल्ला केला. तोफ केव्हाच निघून गेली होती, आणि नारळ तिथे टिपण घेत उभ्या असलेल्या सचिवांच्या पायावर पडला. मनुष्यबळाची बचत तर विचारू नका. पूर्वी आठ माणसं लागत, आता एकही लागत नाही. (ते आठ जण आता तोफ बघायला येतात, आणि त्यांच्याबरोबर शेजारच्या वाडीतले चार. एकूण बारा.)

मुख्य म्हणजे ही तोफ शिकते. कंपनीतर्फे दीपेश नावाचे एक अत्यंत नम्र इंजिनिअर आले होते, त्यांनी हे समजावलं. "सर, आपण तिला शत्रू दाखवायचा नाही. तीच ओळखते. गावात जो राहतो तो रहिवासी. बाहेरून येऊन रहिवाशाला त्रास देतो तो शत्रू. आणि तिची माहिती कायम ताजी असते. तीन दिवसांपूर्वीचं ती काही धरून ठेवत नाही." मी म्हटलं, ही उदारता माणसांतही आली पाहिजे. दीपेश हसले आणि त्यांनी माझी सही घेतली.

सुरुवातीला बारीकसारीक सुधारणा कराव्या लागल्या. बाबली गावकारांचे जावई आरोंद्याहून आले. तोफेने त्यांना वेशीवरच तीन उंड्या दिल्या, त्याही हातातल्या मिठाईच्या पुड्यावर. तेव्हा पाहुण्यांची सोय करण्यात आली: रहिवाशाबरोबर चालणारा तो पाहुणा, त्याला मारू नये. मग सांतानच्या कोंबडीची पिल्लं अंड्यातून बाहेर पडली आणि तोफ त्यांच्यावरही नेम धरू लागली, कारण तिने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. तेव्हा दुसरी सुधारणा झाली: जो बाहेरून येताना दिसला नाही आणि गावातच पहिल्यांदा दिसला, तो जन्माने रहिवासी. या दोन सुधारणांनंतर तोफेत काही उणं राहिलं आहे असं कोणालाही वाटलं नाही.

आता गावपळणीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण घाटावरच्या वाचकांना ते खोटं वाटतं. दर तीन वर्षांनी आमचं गाव गाव सोडतं. देवाला कौल लावायचा, देवाने दिवस दिला की माणसं, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांनी वेशीबाहेर जायचं आणि तीन दिवस रानात राहुट्या बांधून राहायचं. हिंदू, ख्रिश्चन, सगळे. दारांना कुलपं नाहीत, चुलीत विस्तव नाही. तीन दिवस गाव देवाचं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा आणि परत यायचं. पूर्वी गुरांचाच तांडा मोठा असे. आता दूध पिशवीतून येतं, त्यामुळे गुरं म्हणून गावात एकटी तुळसावहिनींची मोगरी उरली आहे.

मोगरी ही म्हैस. ती गाभण होती आणि दिवस भरत आले होते. तुळसावहिनींचे यजमान वारल्यापासून त्या घरात मोगरीशिवाय बोलायला कोणी नाही, आणि मागच्या खेपेचं रेडकू पोटातच गेलं होतं. या वेळी वहिनींनी गोठ्याची जमीन नव्याने चोपून घेतली, सुकं गवत अंथरलं, आणि 'परत इलंव काय मोगरी हयसरच व्यातली' असं अख्ख्या वाडीला सांगून ठेवलं होतं. मोगरीने आपल्या गोठ्यात सुखरूप व्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हे मला माहीत होतं, हे मी इथेच नमूद करून ठेवतो.

गावपळणीच्या आधी समितीची सभा देवळाच्या सभामंडपात भरली. विषय एकच: तोफेने गाव सोडायचं की नाही?

तुळसावहिनी सर्वांत आधी बोलल्या. "ती चलता, ती बोंबलता, पोटाक उंडी येचून खाता. मगे ती गावातली नाय तर कोण? सगळ्यांका भायर काढतास, तर तिका पण काढा."

"गो तुळसा, ता यंत्र आसा," बाबली गावकार म्हणाले. "यंत्राक खंयची इली गावपळण?"

"तर देवाक कौल लावा. देव सांगात तसा करूया."

इथे मला हस्तक्षेप करावा लागला. मी दाखवून दिलं की देवाला कौल लावायचा तो दिवस ठरवायला. तोफ ही तांत्रिक बाब आहे आणि तांत्रिक बाबींत देवाला तसदी देणं योग्य नाही. शिवाय गाव रिकामं असताना पहारा नको का? सांतान म्हणाला, "मास्तरानू, बंद करून ठेवली तर?" मी म्हटलं, पहारेकऱ्याला झोपवून पहारा होतो का? यावर टाळ्या पडल्या. (दोन. त्यातली एक माझी.) तोफ गावात राहील आणि चालू राहील, असा ठराव एक विरुद्ध बाकी सगळे असा संमत झाला.

गाव सुटलं. वेशीपलीकडे व्हाळाच्या काठी झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहिल्या. बायकांच्या फुगड्या झाल्या, पुरुषांची भजनं झाली, कोंबडीच्या सागोतीचा वास इतका सुटला की शेजारच्या गावातली माणसं ओळख काढून येऊ लागली. मोगरी एका काजूखाली बांधली होती आणि तुळसावहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या होत्या. पहिल्या दिवशी गावातून सारखे धडाम-धडाम आवाज येत होते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आवाज थांबले. तिसरा दिवस शांत. मी सगळ्यांना एकत्र करून सांगितलं की शत्रूचा पूर्ण बीमोड झालेला आहे आणि आता गोळीबाराची गरजच उरलेली नाही. बाबली गावकारांनी माझी पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी सकाळी देवाने कौल दिला. वेशीवर उभं राहून बाबली गावकारांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां तीन दिस रानात रवली, ती आता आपल्या घराक येतत. काय चुकला माकला आसात ता पोटात घाल, आणि सगळ्यांका सुखान घरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

आणि बाबली गावकारांच्या कपाळावर, उजव्या खांद्यावर आणि पाठीवर एकाच क्षणी तीन उंड्या बसल्या.

तीन कमानी, एक क्षण. इतक्या जवळून हे तंत्र पाहण्याचं भाग्य तोफखान्यातल्या फार थोड्या अभ्यासकांना लाभलं असेल. "मेलंय रे!" असं म्हणून बाबली गावकार खाली बसले, आणि तोफ आपली जागा सोडून सुरंगीच्या झाडाआड गेली. पुढच्या पाच मिनिटांत बेचाळीस उंड्या आल्या. दोन हंडे, एक मृदंग, एक घडीची खुर्ची आणि सचिवांचा चष्मा एवढं नुकसान होऊन गावाने व्यवस्थितपणे माघार घेतली. माघारीची रांग मी लावली. कवायतीचा उपयोग झाला.

वेशीवर मोबाईलला रेंज येत नाही. येते ती फक्त गडग्याला लागून असलेल्या फणसावर. (गडगा म्हणजे वेशीची दगडी भिंत.) सांतान माझा फोन घेऊन फणसावर चढला, दीपेशना लावला आणि आवाज मोठा केला. मी खालून बोललो.

"सर, मी इथून सगळं बघतोय. यंत्रणा उत्तम चालू आहे," दीपेश म्हणाले. "आपल्या गावात सध्या त्रेचाळीस कायम रहिवासी आहेत. सगळे घरी आहेत, सुरक्षित आहेत. बाहेरून साधारण चारशे जणांच्या टोळीने घुसायचा प्रयत्न केला, तो परतवला आहे. अभिनंदन सर."

"अहो, ती टोळी म्हणजे आम्ही!"

"अच्छा. आपण रहिवासी आहात का?"

"पिढ्यान्पिढ्या!"

"गेल्या तीन दिवसांत आपण गावात दिसला नाहीत, सर."

मी गावपळणीची प्रथा समजावून सांगितली. त्यांनी अतिशय शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले की ही फार सुंदर परंपरा आहे, ती जपली पाहिजे. उपाय अगदी सोपा होता. त्या त्रेचाळीस कायम रहिवाशांपैकी कोणाही एकाने तोफेसमोर येऊन मान हलवावी, म्हणजे आमची नावं पुन्हा चढतील. मी विचारलं, तुम्हीच तिथून बंद का करत नाही? ते म्हणाले, रहिवाशांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, त्यांच्या संमतीशिवाय आम्हाला काही करता येत नाही. उद्या कोणीही फोन करून आम्ही गावकरी आहोत म्हणेल. मला हे मान्य करावं लागलं. अशा कडक शिस्तीची यंत्रणा हवी असा आग्रह माझाच होता.

म्हणजे आता एका माकडाची संमती हवी होती.

तेवढ्यात फणसाची फांदी मोडली. सांतान "सायबा!" असं ओरडत गडग्याच्या आतल्या बाजूला पडला, चार पायांवर, एका हातात माझा फोन, आणि कंबरेतून कळ आल्यामुळे सगळे दात बाहेर. तोफ झाडाआडून धावत आली. नळी त्याच्यावर रोखली. काचेच्या डोळ्याने त्याला खालून वर न्याहाळलं. झाडावरून आला आहे, दात दाखवतो आहे आणि हातात दुसऱ्याची वस्तू आहे. तोफेने नळी खाली केली आणि त्याला वाट दिली.

यावर विशेष चर्चा झाली नाही. उन्हं चढत होती आणि माणसांना घरी जायचं होतं. गाव एकामागून एक फणसावर चढू लागलं. आत उडी मारायची, दात दाखवायचे आणि हातात दुसऱ्याचं काहीतरी धरायचं, एवढंच. सुरुवातीला लोकांनी एकमेकांच्या चपला घेतल्या. पुढे धीर आल्यावर भांडी आणि कोंबड्याही घेतल्या. (त्यातल्या काही अजून परत मिळालेल्या नाहीत.) कुत्र्यांनी गडगा नेहमीप्रमाणेच ओलांडला. बाबली गावकारांचं वय बहात्तर, पण त्यांनी देवाचं नाव घेऊन झेप घेतली आणि आत पडल्यावर जो हुप्प केला त्याने तोफ दोन पावलं मागे सरली. मी सर्वांत शेवटी, ज्येष्ठांना मान देऊन, उडी मारली. माझ्या हातात सरपंचांची छत्री होती.

घरं भरलेली होती. माझ्या आरामखुर्चीत एक वयस्क रहिवासी बसला होता. त्याला उठवायला गेलो तर खिडकीतून नळी आत आली, म्हणून मी जमिनीवर बसलो.

बाहेर उरल्या तुळसावहिनी.

"वैनी, येवा," मी गडग्यावरून म्हटलं. "कठीण नाय. नुसती उडी मारूची."

"मी मारीन उडी," त्या म्हणाल्या. "मोगरी मारतली?"

दिवसभर त्या वेशीवर म्हशीजवळ उभ्या राहिल्या. मी घरी चहा केला आणि किटली घेऊन चार पायांवर त्यांच्याकडे निघालो. निम्मा वाटेत सांडला. त्यांनी उरलेला निम्माही घेतला नाही. मोगरी सारखी उठत होती, बसत होती, घराच्या दिशेने तोंड करून हंबरत होती. तिथून गोठा दिसत होता. त्या क्षणी मला तोफेचा अभिमान वाटला नाही. हे मी समितीची माफी मागून लिहितो आहे.

ऊन कलल्यावर मोगरीने दावं तोडलं आणि ती वेशीच्या आत शिरली. चार पावलं गेली आणि चिंचेखाली आडवी झाली. तोफ धावत आली, थांबली, नेम धरला. तुळसावहिनी मध्ये उभ्या राहिल्या.

"घाल!" त्या ओरडल्या. "माझ्यार घाल किती घालूच्यो त्यो! पण माझ्या म्हशीक हात लावलंस तर ही नळी मोडून चुलीत घालीन. सांगान ठेवतंय तुका!"

पहिल्या तीन त्यांच्या खांद्यावर बसल्या. त्या हलल्या नाहीत. पुढच्या तीन दंडावर आणि कानावर. कानातून रक्त आलं. गाव गडग्यावर आणि झाडांवर बसून बघत होतं. कोणी खाली उतरलं नाही, कारण सरळ पायांवर उतरणाराला तोफ ओळखत नव्हती. मीही उतरलो नाही.

मग वहिनींच्या पाठीमागे गवतात काहीतरी ओलं, काळं, लांब पायांचं घसरून पडलं आणि त्याने मान हलवली.

तोफेचा डोळा तिकडे वळला. बाहेरून येताना दिसलेलं नाही. गावातच पहिल्यांदा दिसलं. माझा फोन फणसावर बसलेल्या सांतानकडेच होता, त्यावर कंपनीचा संदेश आला: 'नवीन रहिवासी, एक. हार्दिक स्वागत.' पाठोपाठ दुसरा: 'रहिवाशासोबत पाहुणे, दोन.' नळी खाली गेली.

रेडकू उभं राहायला तासभर लागला. मोगरीने त्याला चाटून कोरडं केलं. ते चार वेळा पडलं, पाचव्यांदा उभं राहिलं. मग पुढे लटपटत रेडकू, त्याच्यामागे मोगरी आणि मोगरीच्या मागे, कानाला पदर लावून, ताठ मानेने तुळसावहिनी, अशा त्या आपल्या घरी गेल्या. त्या दिवशी सुरंगखोलमध्ये दोन पायांवर चालत घरात गेलेलं माणूस एवढं एकच. आम्ही दुतर्फा चार पायांवर उभे होतो. माझ्या समोरून जाताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मास्तरानू, देवाक विचारला आसतास तर काय झाला आसता?" मी उत्तर देणार होतो, पण तोंडात दुसऱ्याचा शेवगा होता.

या घटनेला आता बरेच दिवस झाले आणि सगळं सुरळीत चाललं आहे. त्या त्रेचाळीस कायम रहिवाशांपैकी कोणीही तोफेसमोर मान हलवायला अद्याप तयार झालेला नाही. त्यांच्या जागी आपणही हलवली नसती. आम्ही सगळे फणसावरून ये-जा करतो. पोस्टमन शिकला. सरकारी कामाला येणाऱ्या साहेबांना वेगळं शिकवावं लागलं नाही, दुसऱ्याची वस्तू हातात धरण्याचा भाग तर त्यांना पहिल्याच उडीत जमला. कंपनीच्या अहवालानुसार सुरंगखोलमध्ये वानरांचा उपद्रव शून्यावर आला आहे, कारण वानर आता रहिवासी आहेत आणि रहिवाशाचा उपद्रव मोजत नाहीत. या कामगिरीबद्दल समितीला एक मानचिन्ह मिळालं. ते कोणत्या झाडावर आहे याची चौकशी चालू आहे. तुळसावहिनी मात्र रोज सकाळी रेडकाला पुढे घालून रस्त्याने सरळ चालत बाजारात जातात आणि सरळ चालत परत येतात. शेजारणी त्यांना विचारतात, आमकाय तुझ्या रेडकाचे पावणे म्हणान ने गो. त्या एकावेळी दोघींना नेतात.

हे वाचून तुम्ही हसला असाल. अवश्य हसा. यंत्राला पटावं म्हणून माणसांनी माकडासारखी उडी मारावी, हे हसण्यासारखंच आहे. पण कालच तुम्ही तुमच्या फोनसमोर उभे होता. तो म्हणाला मान डावीकडे करा, तुम्ही केलीत. उजवीकडे करा म्हणाला, केलीत. डोळे मिचकावा म्हणाला, मिचकावलेत, आणि 'ओळख पटली नाही' असं आल्यावर केस सारखे करून, दिव्याखाली जाऊन पुन्हा मिचकावलेत. त्याच्या आदल्या दिवशी एका चौकोनात खूण करून, आपण यंत्र नाही असं एका यंत्राला लिहून दिलंत, आणि त्याला खरं वाटेना म्हणून नऊ चित्रांतून सायकली शोधून दिल्यात. तेही तुमच्याच घरात बसून, तुमच्याच पैशांपर्यंत पोचायला. आमच्या तुळसावहिनींच्या ओळखीला निदान एक रेडकू तरी होतं. तुमच्या ओळखीला कोण आहे?